मुंबई ते लंडन साडेपाच तास, अन् येताना साडेतेरा?

कापूसवाला_दारव्हा
रामराम. लेक-जवाई लंडनले हायेत. जुलैत पोरीचं बाळंतपण हाय, म्हणून मायले बोलावून राह्यली. निंदण-डवरण टाकून मले जाता येत नाय, तिले एकटीनंच जा लागते.

तिकिटावर पाह्यलं तं इमान मुंबईहून दुपारी १.३० ले निघते अन् संध्याकाळी ७ ले लंडनले उतरते. झाले साडेपाच तास. येताना रात्री ८.३० ले निघते, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी १० ले. साडेतेरा! जाताना पळते अन् येताना काय चरत चरत येते? जवाई म्हणे, टाइम झोन बाबा. थे मलेही समजते, पण हिशोब काही जुळत नाय.

दुसरं, घरून निघाल्यापासून किती तास धराचे? तिले शुगर हाय.

झिरो_माइल
भाऊ, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असते. हिवाळ्यात साडेपाच. जातानाच्या साडेपाचात साडेचार मिळवा, १० तास. येतानाच्या साडेतेरातून काढा, ९. उरलेला एक तास वाऱ्याचा. तिकडं उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जबर वारा असते, येताना पाठीशी अन् जाताना तोंडावर.

पण मुंबईहून काऊन? सरळ रेषेत मुंबई-लंडन ७,२०० किमी, नागपूर-लंडन ७,४५० च्या आसपास. म्हणजे आपण अडीचशेच किमी मागं, अन् इमान धराले आधी सातशे किमी उलटं नैर्ऋत्येले जाचं! दिल्ली वाटेवरच पडते. त्या मार्गानं एकूण तीनेकशे किमी वाचतात.

धामणगाव_टेसन
मी मुंबईवरूनच गेली होती. विदर्भ एक्सप्रेसनं रातभर, सकाळी सीएसएमटी, मग टॅक्सी करून विमानतळ. इमानात बसाच्या आधीच अंग आंबून गेलं. त्यात गाडी लेट होईल का, याची रातभर धाकधूक.

भाऊ, नागपूर-दिल्ली-लंडन एकाच तिकिटावर काढा. बॅग नागपूरले दिली की बहुतेक लंडनलेच भेटते, देताना तेवढं विचारून घ्या. येताना मात्र सहसा दिल्लीत उचलून कस्टममधून काढा लागते. दारव्ह्याहून नागपूर गाडीनं चारेक तास, मग विमानतळावरची बसाबस, दिल्लीतला मुक्काम, सगळं मिळून २४ तास धराच.

तिकीट काढतानाच शुगरवाल्याचं जेवण अन् व्हीलचेअर सांगून ठेवा. व्हीलचेअर फुकट असते, अन् सोबतचा माणूस पार गेटपर्यंत नेऊन सोडते. इंग्रजी येत नसली तरी अडत नाय. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. घड्याळ बदलल्यावर गोळी कवा घ्याची, हे डॉक्टरले आधीच विचारा.

अन् घरचं तूप नेऊ नका. दुधाचे पदार्थ तिकडं नेऊ देत नाय. डिंक, खारीक न्या, तूप तिथलंच घेऊन लाडू तिकडंच वळा म्हणा.

कापूसवाला_दारव्हा
हिशोब जुळला. दिल्लीचंच पाह्यतो. तुपाचा डबा भरून ठेवला होता, आता थो घरीच राहीन.

पण ताई, व्हीलचेअरचं नाव काढलं तं "मी काय म्हातारी झाली का" म्हणून भडकली. तिले कसं पटवाचं?

धामणगाव_टेसन
पटवूच नका. तिकिटात टाकून द्या. दिल्लीत चालाचं किती हाय हे पाह्यलं का आपोआप बसते!