कॉलर सिंहिणीलाच का?
सिंहांचे अभ्यासक नराऐवजी सिंहिणीला कॉलर (ठावठिकाणा कळावा म्हणून गळ्यात घालायचा रेडिओ पट्टा) का घालतात, असा प्रश्न आला होता. टांझानियातल्या सेरेंगेटीत १९६६ मध्ये सिंहांचा अभ्यास सुरू झाला. तिथे साधारणपणे कळपातल्या एकाच मादीला रेडिओ कॉलर घालतात. कळप म्हणजे मुळात आई, मावश्या, बहिणी, लेकी. त्या सहसा आपली हद्द सोडत नाहीत. नरांचं राज्य जेमतेम २-३ वर्षं, मग दुसरे येऊन हाकलतात. त्यांच्यामागे लागलात तर कळप राहिला बाजूला!

बाकीचे ओळखायचे मिशांवरून. मिशांच्या सर्वांत वरच्या पूर्ण ओळीच्याही वर काही सुटे ठिपके असतात, त्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी. फोटो दोन्ही गालांचे हवेत, कारण डावी-उजवी बाजू सारखी नसते. सिंह दिवसाचे २० तास लोळतात म्हणून हे जमतं तरी.