बैलगाडा शर्यतीस विरोध करणाऱ्या प्राणीहक्क कार्यकर्त्यांना यात्रा समितीने कसे सामोरे जावे?

प्रश्न : भीमाकाठ

आमच्या गावच्या भैरवनाथाच्या यात्रेत चैत्रात बैलगाड्यांचा घाट, म्हणजे धावपट्टीवरची शर्यत, भरतो. जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज रीतसर केलेला आहे. या वर्षी पुण्यातील काही प्राणीहक्क कार्यकर्त्यांनी घाटाच्या तोंडाशी फलक घेऊन उभे राहण्याचे आणि चित्रीकरण करण्याचे जाहीर केले आहे. समितीत दोन तट पडले आहेत. काहींच्या मते त्यांना वेशीवरच अडवावे, तर काहींच्या मते त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. तरुण मुले समाजमाध्यमांवर आतापासूनच त्यांना शिव्या घालू लागली आहेत, याची मला अधिक काळजी वाटते. ज्यांनी असे प्रसंग हाताळले आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : कोर्टकचेरी

आपली बाजू कायद्यात नेमकी कुठे उभी आहे, हे समितीतील प्रत्येकाने आधी समजून घ्यावे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात शर्यतींना मुभा देणारी राज्यापुरती दुरुस्ती केली, परंतु त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम मुभा देईपर्यंत घाट ओसच राहिले. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

आपले लोक "न्यायालयाने परंपरा मान्य केली" एवढेच सांगत फिरतात. नव्या नियमांमुळे जनावरांच्या वेदना बऱ्याच कमी होतील, हा त्या निकालाचा मोठा आधार आहे आणि नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी न्यायालयाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर नावानिशी टाकली आहे. म्हणजे घाटात पराणीची (बैल हाकायच्या काठीची) आर, म्हणजे टोकदार खिळा, टोचली गेली, तर ज्या निकालाच्या जोरावर आपण उभे आहोत त्याच्याच मुळावर आपण घाव घालतो. केंद्रीय कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये इतका हास्यास्पद दंड आहे; राज्याच्या दुरुस्तीत मात्र शर्यतीच्या अटी मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वेशीवर अडवण्याचा विचार सोडून द्यावा. शांततेने जमण्याचा आणि मत मांडण्याचा हक्क त्यांनाही राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदानेच दिला आहे. त्यांच्याशी आणि पोलीस ठाण्याशी आधी बोलून घाटापासून सुरक्षित अंतरावर, परंतु बैल नीट दिसतील अशी जागा ठरवून द्यावी. कोणी धावपट्टीवर उतरले तर बारी (गाड्याची धाव) थांबवून पोलिसांना पुढे करावे. स्वयंसेवकांनी कोणाला हात लावू नये. मोबाईल हिसकावणे तर कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये, कारण तो वेगळा गुन्हा ठरतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीही त्याचीच होते.

उत्तर २ : गाडामालक

वरील सल्ला ठीक आहे, पण माझी तक्रार निराळी आहे. खिलार खोंड लहानपणापासून पोटच्या पोरासारखे वाढवायचे, स्वतः कोरडी भाकरी खाऊन त्याला खुराक घालायचा आणि कधी दावणीला उभे न राहिलेल्या माणसाने येऊन आम्हाला क्रूर ठरवायचे, हे मनाला लागते. ट्रॅक्टर आल्यापासून शेतात बैलाला काम उरलेले नाही. शर्यत बंद होती त्या वर्षांत चांगल्या खोंडांचे भाव पडले आणि अनेकांनी दावण मोकळी केली. ते बैल कुठे गेले, हे कोणी विचारले नाही. हा प्रश्न त्या कार्यकर्त्यांना अवश्य विचारावा.

उत्तर ३ : पशुवैद्यक_निवृत्त

गाडामालकांचा प्रश्न खरा आहे, परंतु तो उत्तर म्हणून वापरू नये. बाजारात बैलाचे हाल होतात म्हणून घाटातले हाल क्षम्य ठरत नाहीत आणि समोरचा माणूस हे एका वाक्यात दाखवून देतो.

मी अनेक घाटांवर तपासणीस उभा राहिलो आहे. बारी काही सेकंदांत संपते. बैलाचे हाल होतात ते बहुतेक तिच्या आधी आणि नंतर. पहाटे टेम्पोत भरलेला बैल दुपारपर्यंत उन्हात उभा असतो, पाणी पाजले तर जड होईल या समजुतीने त्याला तहानलेला ठेवतात आणि गाडा जुंपताना पाच-सहा जणांच्या गराड्यात कोणाचा हात शेपटाकडे जातो ते पंचांनाही दिसत नाही. कार्यकर्त्यांच्या चित्रफितीत हाच गराडा असतो. शेपटाच्या बुडाशी ताजी जखम, मांडीवर टोचल्याचे रक्ताचे ठिपके, जीभ बाहेर काढून चाललेली धाप, तोंडाला दाट फेस, यांपैकी काहीही दिसले तर तो बैल त्या दिवशी पळवू नये. बैलांसाठी मांडव आणि पाण्याची टाकी यांवर फेट्यांपेक्षा अधिक खर्च करावा.

बैल घोड्याप्रमाणे पळण्यासाठी घडलेला नाही, हा त्यांचा आक्षेप २०१४ च्या निकालातही आला होता आणि तो पोकळ नाही. "आमचा बैल आनंदाने पळतो" असे ठासून सांगण्यापेक्षा आपण त्याच्यासाठी काय करतो ते दाखवावे.

उत्तर ४ : मुकी_जनावरे

मी विरोध करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. तुमचा मांडव पाहून माझा विरोध मावळणार नाही. जनावराला गर्दी आणि आरडाओरड्याच्या भीतीने पळवणे हेच मला अमान्य आहे. मात्र जिथे आम्हाला जुंपणीच्या जागेजवळ उभे राहू दिले, तिथे त्या दिवशी कोणाच्या हातात पराणी नव्हती, हेही नमूद करते. आम्हाला तुमच्याकडून सहमती नको, जागा हवी. आमच्यातही काही जण सगळ्या शेतकऱ्यांना एकाच मापाने मोजतात. ते मला पटत नाही.

प्रश्नकर्ता : भीमाकाठ

सर्वांचे आभार. कालच्या बैठकीत जुंपणीच्या जागेपासून काही अंतरावर दोरी बांधून कार्यकर्त्यांना जागा देण्याचे आणि समितीचा स्वतःचा कॅमेरा तिथेच लावण्याचे ठरले. वाद झाला तो निवेदकावरून. ध्वनिक्षेपकावरून टोमणे मारल्याशिवाय त्याला राहवत नाही आणि गर्दी पेटते ती तिथूनच. त्याला आता एकच वाक्य लिहून दिले आहे, ते त्याने दर बारीआधी म्हणायचे : "ज्याच्या हातात पराणी दिसेल, त्याचा गाडा बाद." गाडामालकांपैकी तिघांनी याला अजून होकार दिलेला नाही.