३३५५०३३६ : कोणत्या वर्गांत बसते, कोणत्या नाही?

रिकामा_कंपास
पाचव्या परिपूर्ण संख्येचे (स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तीच संख्या येते, अशी), म्हणजे ३३५५०३३६ चे वर्गीकरण करतोय. सगळे विभाजक न मांडता परिपूर्णता कशी पडताळायची? शिवाय ही कापरेकर संख्या आहे का (वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच संख्या परत येते, अशी)? स्प्रेडशीटमध्ये वर्ग ११२५६२५०४५७१२९०० येतो. हर्षद (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) आणि स्वयंभूचं (कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न येणारी) काय?

अवयव
आधी दोनने भागत सुटा. बारा वेळा भाग जातो आणि ८१९१ उरतात, म्हणजे २^१३ − १. आता सगळं ८१९१ मूळ आहे का यावर अडलंय. वर्गमूळ साधारण ९०.५, त्यामुळे ८९ पर्यंतच्या २४ मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल असं वाटतं. पण २^१३ − १ चा कुठलाही मूळ अवयव २६ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असतो. ९० च्या आत अशा तीनच: २७, ५३, ७९. २७ मूळ नाही, ५३ ने बाकी २९, ७९ ने बाकी ५४. झालं, ८१९१ मूळ.

स्वतःसह सगळ्या विभाजकांची बेरीज (२^१३ − १) × (८१९१ + १) = ८१९१ × ८१९२ = ६७१००६७२, बरोब्बर दुप्पट. विभाजक १३ × २ = २६.

फक्त घात मूळ आहे म्हणून खूश होऊ नका. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. त्यामुळे १०२४ × २०४७ = २०९६१२८ परिपूर्ण नाही; तिच्या विभाजकांची बेरीज ४४२१५२०, दुपटीच्या बरीच वर जाते.

देवळाली_लोकल
तुमचा वर्गच चुकलाय. शेवटी ६ असलेल्या संख्येचा वर्ग ६ नेच संपतो, शून्यं आली कुठून? स्प्रेडशीट १५ सार्थ अंकच दाखवते आणि हा वर्ग १६ अंकी आहे: ११२५६२५०४५७१२८९६. तुकडे ११२५६२५० + ४५७१२८९६ = ५६९६९१४६. म्हणजे दशमान पद्धतीत कापरेकर नाही. हे वर्ग न करताही कळतं: आठ अंकी कापरेकर संख्येला ११ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च उरते (९९९९९९९९ ला ११ ने भाग जातो म्हणून). इथे ६ उरतात.

बायनरीत मात्र आहे! वर्ग उजवीकडून २६ बिटांवर तोडा: डावीकडे १६७७३१२०, उजवीकडे १६७७७२१६, बेरीज ३३५५०३३६. प्रत्येक सम परिपूर्ण संख्येचं असंच होतं.

हर्षद नाही. अंकांची बेरीज २८ (तीही परिपूर्ण, निव्वळ योगायोग), पण ७ ने भाग जात नाही. स्वयंभूही नाही, कारण ३३५५०३१३ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज २३ मिळवली की हीच संख्या येते. अशी संख्या, म्हणजे जनक, शोधताना ९ ने भागून ५ उरणाऱ्या संख्याच तपासा. ३३१ आणि ३२२ ने संपणाऱ्या फसतात, तिसरी सापडते.

रिकामा_कंपास
वर्गाचा घोळ आता कळला, आभार. आकृतिसंख्यांमध्ये (ठिपके मांडून ठरावीक आकृती होणाऱ्या संख्या) काय काय लिहू?

अवयव
त्रिकोणी: १ ते ८१९१ ची बेरीज. षट्कोनीसुद्धा, ४०९६ वी. शिवाय १ ते १२७ या ६४ विषम संख्यांच्या घनांची बेरीजही हीच. दोन वर्गांची बेरीज म्हणून मात्र मांडता येत नाही, कारण ८१९१ ला ४ ने भागल्यावर ३ उरतात आणि तो अवयव एकदाच येतो.