शब्दचर्चा : अपूर्णांक, अंशाधिक आणि अडीच

प्रश्न : वेंगुर्ल्याला आलेल्या माझ्या भाचीचा अभ्यास घेताना ७/४ हा अंशाधिक अपूर्णांक आला. ही संख्या एकापेक्षा मोठी आहे, तर तिला 'अपूर्ण' का म्हणायचे, असे तिने विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. शिवाय 'मूळ संख्या' आणि 'वर्गमूळ' यांतले मूळ एकच का, हेही तिला हवे आहे.

उत्तर : ताई, भाचीची शंका रास्त आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) अपूर्णांकाला 'भिन्न' म्हणजे फुटलेले, तुकडे झालेले असे नाव आहे. हिंदीने तेच ठेवले, पण मराठीत भिन्न म्हणजे 'वेगळे' हा अर्थ इतका रुळला आहे की तो शब्द आता मुलांना उलट गोंधळात टाकेल. 'अपूर्णांक' या नावाने तुकड्यांऐवजी उणिवेवर बोट ठेवले आणि भाची अडली ती तिथेच. तिला सांगा, की एकेका वडीचे चार सारखे तुकडे केले आणि असे सात तुकडे ताटात वाढले, तर एका वडीचे किती तुकडे केले हे छेद सांगतो आणि ताटात किती तुकडे आले हे अंश सांगतो. छेदापेक्षा अंश मोठा म्हणून तो अंशाधिक आणि अंशापेक्षा छेद मोठा तो छेदाधिक. ही दोन्ही नावे पाहताक्षणी अर्थ सांगतात, म्हणून ती मला फार मोलाची वाटतात.

पण याच ७/४ ला आपण बाजारात काय म्हणतो? पावणेदोन. पुस्तक त्याला एक पूर्णांक तीन चतुर्थांश म्हणते, म्हणजे झालेल्या एकापासून पुढे मोजते. बोली मात्र येणाऱ्या दोनकडे पाहून त्यातून पाव वजा करते. पाऊण म्हणजे पादोन, पाव उणा. दीड (द्व्यर्ध), अडीच (अर्धतृतीय) आणि औट (अर्धचतुर्थ, म्हणजे साडेतीन) यांचीही दृष्टी पुढच्याच संख्येवर आहे. सव्वा (सपाद) आणि साडे (सार्ध) तेवढे मागच्या संख्येत भर घालतात.

अर्धतृतीय याचा अर्थ मला व्युत्पत्तीच्या कोशापेक्षा आजीच्या हाताने आधी समजला. देवगडजवळच्या आमच्या घरी ती पडवीत बसून शेराने तांदूळ मोजायची. पहिले माप ओतताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची, मग 'दोन', आणि तिसरा शेर निम्माच भरून, वरून तळहात फिरवून, तो सुपात ओतायची. ते झाले अडीच शेर. तिसरा अर्धा, हा अर्थ मापातच दिसत होता. वास्तविक अर्ध्या शेराला मापटे हे वेगळे माप घरात होते, तरी तिचा हात शेरावरच बसलेला होता.

'औट' आता पाढ्यांतल्या औटकीत आणि 'औट घटकेचा राजा' या वाक्प्रचारात उरला आहे. घटका २४ मिनिटांची, म्हणून हे राज्य ८४ मिनिटांचे.

'मूळ'विषयी : दोन्हीकडे अर्थ उगमाचाच आहे. ज्या संख्येचा वर्ग केल्यावर ३६ होतात ती ६ ही ३६ चे वर्गमूळ, आणि १२ ज्यांच्या गुणाकारातून घडतात (२ × २ × ३) त्या २ आणि ३ या मूळ संख्या. हिंदीतला 'अभाज्य' हा शब्द काय होत नाही एवढेच सांगतो. आपला शब्द त्या संख्येचे काम सांगतो, म्हणून मी तोच पसंत करतो. भाची १ विषयी विचारीलच. एकाने कितीही वेळा गुणले तरी नवी संख्या घडत नाही, म्हणून १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. तिला आज तांदूळ आणि वाटी घेऊनच बसवते. शेर आता घरात नाही, पण तिसरी वाटी अर्धी भरता येईल.