मदत हवी आहे: स्वस्तातल्या फायकसचं बोनसाय करायचंय

मंडळी, दुकानातून स्वस्तातलं फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) आणलंय, ते जाड फुगीर मुळांचं जिनसेंग म्हणून विकतात ना तेच. बुंधा फार सुंदर आहे पण वरच्या फांद्या कलम केलेल्या, जोडाची गाठ स्पष्ट दिसते आणि सगळं कसं वरून डोक्यावर झुपका खोचल्यासारखं वाटतं. आता जोडाच्या खालून बुंध्यालाच एक कोंब फुटलाय, पानं वेगळीच आहेत त्याची, तर तो वाढवून वरचं कलम हळूहळू काढावं का? एकदम कापलं तर झाड दगावेल का? छाटल्यावर पांढरा चीक बराच गळतो, तो नुसता पुसायचा की जखमेवर पेस्ट लावायची? आणि मुळं छाटून उथळ कुंडीत लावणं त्याच वेळी केलं तर जास्त ताण येईल असं मला वाटतं, बरोबर ना? अनुभवी लोकांनी प्लीज सविस्तर सांगा, फार जीव जडलाय या झाडावर.