लॅपटॉप घेताना स्क्रीनचं रिझोल्यूशन कसं ठरवलंत? अनुभव सांगा

मी मुद्रितशोधनाचं काम करते. पूर्वी प्रुफं कागदावर यायची, आता बहुतेक पीडीएफ येते आणि दिवसाचे सहा-सात तास स्क्रीनवर मराठी वाचण्यात जातात. माझा सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची आहे, २०१६ साली घेतलेला. खोक्यावर ‘एचडी’ लिहिलेलं होतं म्हणून स्क्रीन चांगलीच असणार असं गृहीत धरलं. ते ‘एचडी’ म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके (पिक्सेल) एवढंच, हे पुष्कळ उशिरा कळलं.

गेल्या वर्षी दिवाळी अंकातल्या एका कथेत ‘आचाऱ्यांनी’च्या जागी ‘आचार्यांनी’ छापून आलं. लग्नघरात स्वयंपाक करणारे आचारी एकदम गुरू झाले. ते प्रूफ मीच वाचलं होतं. नंतर तीच फाईल भाचीच्या लॅपटॉपवर उघडली, तर चूक पहिल्या नजरेत दिसली. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

थोडं समजून घेतलं ते असं. विंडोजचं स्केल (अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते सेटिंग) १०० टक्क्यांवर असताना १२ पॉइंटचं अक्षर साधारण १६ पिक्सेल उंचीत बसवावं लागतं. इंग्रजीतल्या बहुतेक छोट्या अक्षरांचं तेवढ्यात सहज भागतं. आपल्याला मात्र त्याच १६ ठिपक्यांत शिरोरेषेवर वेलांटी, रफार, अनुस्वार, मधे अक्षर आणि खाली उकार एवढं सगळं लागतं. मग ‘उद्योग’ आणि ‘उध्योग’, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’, ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांच्यातला फरक एका-दोन ठिपक्यांवर येऊन ठेपतो. लॅपटॉप कसा निवडावा हे सांगणारे इंग्रजी लेख मी भरपूर वाचले, पण याचा उल्लेख मला तरी कुठे सापडला नाही.

आता नवा घ्यायचा आहे, १४ ते १६ इंचांतला. तुम्ही काय बघून घेतलात, काय चुकलं, काय जमलं, सविस्तर लिहा. आकडे लिहिलेत तर फार बरं होईल.

कोल्हापूर, करसल्लागार

ताई, माझं काम एक्सेल आणि जीएसटीची विवरणपत्रं. मीही १३६६ वरून १५.६ इंची फुल एचडीवर आलो, म्हणजे १९२० × १०८०. पिक्सेल जवळजवळ दुप्पट: साडेदहा लाखांचे पावणेएकवीस लाख. वाटलं, आता दुप्पट रकाने दिसणार.

तसं झालं नाही. अक्षरं बारीक वाटली म्हणून मी स्केल १५० टक्के केलं आणि एक्सेलमध्ये आधीपेक्षा कमी रकाने दिसायला लागले. दोन दिवस मशीन खराब आहे असंच वाटत होतं. मग गणित मांडलं. १९२० भागिले दीड म्हणजे १२८०, १०८० भागिले दीड म्हणजे ७२०. काम करायला जागा १२८० × ७२० एवढीच उरली, जुन्यापेक्षाही कमी. अक्षरं सुरेख झाली, जागा गेली. १२५ टक्क्यांवर आणलं तेव्हा १५३६ × ८६४ झालं आणि दोन्ही जमलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की रिझोल्यूशनचा आकडा एकटा बघू नका. त्याला तुम्ही वापरणार त्या स्केलने भागा. जे येईल ती तुमची खरी जागा. वाढलेले पिक्सेल एक तर जागेत खर्च होतात किंवा रेखीवपणात, एकाच पिक्सेलात दोन्ही मिळत नाही.

दुसरं, १६:१० ची (रुंदी-उंचीचं प्रमाण; फुल एचडीचं १६:९ असतं) स्क्रीन मिळाली तर सोडू नका. १९२० × १२०० म्हणजे खाली १२० ओळी जास्त. ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर ती आहे आणि उभ्या याद्या बघताना पदोपदी फरक जाणवतो. जाहिरातीत तिला ‘डब्ल्यूयूएक्सजीए’ असं भीतीदायक नाव असतं, पण ते हेच.

सांगलीची, सध्या ठाण्यात

माझा अनुभव बाबांच्या लॅपटॉपचा आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते.

बाबा निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही फुल एचडी लॅपटॉप घेऊन दिला. अक्षरं लहान दिसतात म्हणाले, तेव्हा घरी आलेल्या माणसाने दोन मिनिटांत मोठी करून दिली. बाबा खूश. पण महिनाभरात डोळे दुखायला लागले. पेपर वाचताना काही नाही, लॅपटॉप उघडला की अर्ध्या तासात डोकं जड. मोतीबिंदू असेल म्हणून डॉक्टरांकडे गेलो. डोळे तपासले, नंबर तोच, मोतीबिंदू नाही. बाबांनी लॅपटॉप वापरणंच सोडलं. गावातल्या शाळेच्या इतिहासाचं लिखाण चाललं होतं, ते थांबलं.

दिवाळीत गेले तेव्हा स्क्रीनकडे बघितलं, तर अक्षरांना कडाच नव्हत्या. ओल्या कागदावर शाई फुटते तसं. सेटिंग उघडलं: त्या माणसाने स्केल न वाढवता रिझोल्यूशन १३६६ × ७६८ करून ठेवलं होतं. पडद्यावर ठिपके तर १९२० आडवे. १३६६ ठिपक्यांचं चित्र त्यात ताणून बसवायचं म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला सुमारे १.४ ठिपके येतात. पाऊण ठिपका, अर्धा ठिपका असं काही दाखवता येत नाही, म्हणून लॅपटॉप शेजारचे रंग मिसळून देतो. सगळी अक्षरं धुरकट होतात आणि डोळे बिचारे ती स्पष्ट करायचा प्रयत्न करत राहतात.

मी रिझोल्यूशन परत १९२० × १०८० केलं (यादीत ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं तेच) आणि स्केल १५० टक्के. अक्षरं तेवढीच मोठी, पण काठ धारदार. बाबा काही बोलले नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी थांबलेलं प्रकरण उघडलं आणि जेवायला हाक मारेपर्यंत उठले नाहीत.

घरात वयस्कर माणूस असेल तर कृपया आजच त्यांचं हे सेटिंग बघा. नवा लॅपटॉप घ्यायची गरजही पडणार नाही कदाचित.

नाशिक, फोटो अल्बम डिझाइन

रिझोल्यूशनबद्दल सगळे बोलताहेत, मला त्याच्या शेजारच्या ओळीबद्दल बोलायचंय. लग्नाचे अल्बम करतो. फुल एचडी, आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारं पॅनल), अशी खात्री करून लॅपटॉप घेतला. पहिला अल्बम छापून आला आणि वधूच्या शालूचा लाल रंग माझ्या स्क्रीनपेक्षा कितीतरी भडक. हळदीच्या फोटोतही तेच, सगळं पिवळंधमक. मी स्क्रीनवर रंग फिके दिसतात म्हणून वाढवत गेलो होतो. अल्बम पुन्हा छापावा लागला, स्वतःच्या खर्चाने.

तपशिलाच्या कागदावर ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं होतं, म्हणजे स्क्रीनला दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका कमी. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या खूप लॅपटॉपवर हेच असतं. रंगाचं काम असेल तर ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं आहे का ते बघा, नसेल तर पुढचा लॅपटॉप बघा. उजेडाचा आकडाही बघा. २५० निट्सची स्क्रीन खिडकीजवळ बसून वापरली की राखाडी दिसते. माझ्या मते फुल एचडीवरून २.८के (२८८० × १८००) वर जायला जेवढे पैसे लागतात, त्यातले आधी रंगाला द्यावेत. फोटोचा बारकावा झूम करून बघता येतो. स्क्रीनला जो लाल दाखवताच येत नाही, तो झूम करूनही दिसत नाही.

ताईंच्या कामाला मात्र रंग एवढा लागणार नाही.

श्टुटगार्ट, जर्मनी

मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो. २०१९ मध्ये १५.६ इंची ४के घेतला, ३८४० × २१६०. म्हणजे इंचाला सुमारे २८२ पिक्सेल, फुल एचडीच्या बरोबर चौपट ठिपके.

देवनागरी त्यावर अप्रतिम दिसते हे खरं. आईने पाठवलेली हस्तलिखितं स्कॅन करून वाचायचो, टाकाची चढउतार दिसायची. पण २०० टक्क्यांवर मला अक्षरं लहान पडायची म्हणून २५० टक्क्यांवर ठेवायचो. कोल्हापूरच्या दादांचं सूत्र लावलं तर ३८४० भागिले २.५ म्हणजे १५३६. खरी जागा त्यांच्याएवढीच! बॅटरी मात्र दुपारच्या जेवणापर्यंतच पुरायची. ठिपके जितके बारीक, तितका मागचा प्रकाश अडतो, म्हणून दिवा जास्त लावावा लागतो. रिझोल्यूशन १९२० × १०८० करून बघितलं. चारास एक असं बरोबर बसतं म्हणून सांगलीच्या ताईंनी लिहिलाय तेवढा धुरकटपणा नव्हता, पण बॅटरी काही वाढली नाही, कारण मागचा दिवा तोच. कामाच्या एका जुन्या सॉफ्टवेअरला स्केल कळायचंच नाही, त्याची बटणं तांदळाच्या दाण्याएवढी.

नंतर मी एक हिशोब शिकलो. सहा बाय सहा दृष्टीच्या डोळ्याला साधारण एक कलेचा कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वेगळा ओळखू येतो. ५० सेंटीमीटरवरून बघितलं तर ते इंचाला सुमारे १७५ पिक्सेल होतात, ६० सेंटीमीटरवरून सुमारे १४५. तीक्ष्ण नजर त्यापुढचंही थोडं टिपते, आणि बारीक रेघांच्या लिपीला थोडी गंगाजळी असलेली बरी. पण २८२ माझ्या काही कामाचे नव्हते. आता १४ इंची २५६० × १६०० आहे, इंचाला सुमारे २१५. बॅटरी दिवसभर पुरते. त्यावर मी समाधानी आहे.

छत्रपती संभाजीनगर, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष

गेम खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. २५६० × १६०० म्हणजे फुल एचडीच्या जवळपास दुप्पट पिक्सेल, आणि प्रत्येक फ्रेममध्ये ते सगळे ग्राफिक्स कार्डाला काढावे लागतात. माझ्या मित्राचं आणि माझं कार्ड एकच. त्याची स्क्रीन भारी, पण गेम अडखळतो म्हणून तो रिझोल्यूशन उतरवून खेळतो. माझी १०८०, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी), मस्त चालते. कार्ड मधलं असेल तर १०८० घ्या. कोडिंगला १६:१० हवी होती, तेवढी खंत आहे.

पुणे, लिनक्स वापरणारी

लिनक्सवर १२५ किंवा १५० टक्के स्केल मला बरीच वर्षं त्रासदायक गेलं. काही खिडक्या अस्पष्ट, काही ठीक. २०० टक्के मात्र नेहमीच स्वच्छ. म्हणून मी अशी स्क्रीन निवडली जी बरोबर दुप्पट करून वापरता येईल: १३.३ इंची, २५६० × १६००, म्हणजे जागा १२८० × ८००. मॅकबुक एअरला २०१८ मध्ये हेच रिझोल्यूशन आलं. त्याआधी तो १४४० × ९०० होता आणि त्यावर मराठी वाचलेल्यांना फरक विचारा.

नांदेड

नवा घ्यायची ऐपत नसेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल. भावाच्या स्पर्धा परीक्षेसाठी जुना लॅपटॉप घेतला, १५.६ इंची, १३६६ वाला. बाजूने बघितलं की रंग उलटे व्हायचे, टीएन पॅनल होतं. मराठी नोट्स वाचताना तो वैतागायचा. दुरुस्तीवाल्या ओळखीच्या दादांनी मागचं उघडून बघितलं. पॅनलची जोडणी ३० पिनांची होती, केबलमध्ये फुल एचडीला लागणाऱ्या तारा होत्या. त्याच मापाचं फुल एचडी आयपीएस पॅनल बसवलं, साडेचार हजारांत काम झालं. प्रत्येक मशीनला हे होत नाही. काहींच्या केबलमध्ये तारा कमी असतात, मग केबलही बदलावी लागते, आणि फार जुन्यांची ४० पिनांची जोडणी वेगळीच. आधी उघडून बघायला सांगा, मगच पॅनल मागवा.

मुंबई, अनुवादक

एक सावधगिरी. ओएलईडी स्क्रीन (मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) रेखीव असते, मीही तिच्या प्रेमात पडून घेतली होती. पण उजेड कमी केला की बऱ्याच ओएलईडी स्क्रीन वेगाने उघडझाप करून तो कमी करतात. डोळ्यांना ती दिसत नाही, पण मला मायग्रेन आहे आणि रात्री मंद उजेडात तासभर काम केलं की कपाळ ठणकायचं. घरातल्या बाकी कुणालाच त्रास नाही. तुम्हाला अर्धशिशी असेल तर दुकानात उजेड अगदी कमी करून पंधरा मिनिटं बसा.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून एक ओळ तयार केली आणि फोनमध्ये ठेवली:

*आचाऱ्यांनी आचार्यांना विचारलं, दऱ्यांतून दर्याकडे, कनिष्ठ, स्पष्ट, उद्योग, ध्यान, पूर्ण, पुर्णा, घन, धन, भर, मर.*

(‘पुर्णा’ मुद्दाम चुकीचं लिहिलंय, ऱ्हस्व-दीर्घ कळतं का ते बघायला.)

शनिवारी दुकानात गेले. तीन लॅपटॉपवर ती ओळ १२ पॉइंटमध्ये, मी घरी बसते तेवढ्या अंतरावरून वाचली. आधी प्रत्येकाचं रिझोल्यूशन आणि स्केल तपासलं. एकावर कुणीतरी खरंच खालचं रिझोल्यूशन लावून ठेवलं होतं. १६ इंची १९२० × १२०० वर १२५ टक्क्यांना ओळ वाचता आली, पण ‘पुर्णा’पाशी मी पुढे झुकले. १४ इंची २८८० × १८०० सुंदर होती, पण ती ओएलईडी, आणि मलाही अर्धशिशीचा त्रास आहे. १४ इंची २५६० × १६०० आयपीएसवर, १७५ टक्क्यांना, पाठ खुर्चीला टेकूनच सगळी ओळ वाचली.

तोच घेतला. आज सकाळी त्याच्यावर पहिलं प्रूफ वाचायला घेतलंय, २१२ पानांचं.