एका ट्रिपल-ए सेलच्या कीचेन टॉर्चचा उजेड वाढवायचा आहे

तळमजला_पार्किंग

अॅल्युमिनियमचा, डोकं फिरवून लागणारा कीचेन टॉर्च आहे. एक ट्रिपल-ए सेल, पुढे नेहमीचा ५ मिमीचा पांढरा एलईडी. लाईट गेल्यावर जिना चढण्यापुरता ठीक आहे, पण पार्किंगमध्ये गाडीखाली काही पडलं तर दिसत नाही. डोक्यातली चकती काढून पाहिली. चार पायांची एक काळी चिप आणि रेझिस्टरसारखी दिसणारी हिरवी कॉइल, तिच्यावर पिवळा-जांभळा-काळा असे पट्टे. बाकी काहीच नाही.

१०४४० नावाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल ट्रिपल-एच्याच मापाचा असतो, तो टाकला तर चालेल का? नाहीतर एलईडी बदलायचा झाला तर कोणता, आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानांत नक्की काय मागायचं? २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर घरी आहे.

ओहम_शांती

१०४४० टाकू नका. तुम्ही वर्णन केलेली चिप बागेतल्या सोलर दिव्यांत असते त्या जातीची दिसते. तिचं काम १.२ व्होल्ट वर चढवून एलईडीला तीनच्या आसपास देणं. चढवता येतं, उतरवता येत नाही. पूर्ण चार्ज झालेला १०४४० म्हणजे ४.२ व्होल्ट, एलईडीला लागतात त्याहून जास्त. मग करंट कॉइलमधून सरळ एलईडीत घुसतो, अडवायला मध्ये कुणी नाही. चिप तर एका साध्या सेलसाठीच बनलेली, ती आधी जाईल. शिवाय असा सेल कधीतरी घरातलं कुणीतरी रिमोटमध्ये घालणार, हे धरूनच चाला.

आधी मोजमाप करा. डोकं काढा, सेलचा प्लस डोक्याच्या मधल्या टिकलीला लावा आणि सेलचा मायनस मीटरमधून डोक्याच्या आट्यांना. मीटर १० अँपिअरच्या भोकात लावायचा, २०० मिलिअँपिअरच्या नाही. त्या रेंजमध्ये आतला शंट (करंट मोजायला मीटरने मध्ये घातलेला रेझिस्टर) साधारण एक ओहमचा असतो, आणि मुळात १.२ व्होल्टच हातात असताना तेवढ्यानेही आकडा खोटा येतो. वायरी जाड आणि आखूड. कॉइलवरचे पिवळा-जांभळा-काळा पट्टे म्हणजे ४७ मायक्रोहेन्री, हे कॉइलचं माप. त्यावर साधारण ६०-६५ मिलिअँपिअर यायला हवेत. फारच कमी आले तर भानगड चिपमध्ये नाही, संपर्कात आहे: आट्यांवरची काळी पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्प्रिंगचं टोक आणि ती टिकलीही. आट्यांना पॉलिश पेपर लावू नका.

तळमजला_पार्किंग

आटे पुसून मोजलं. निकल-मेटल हायड्राइडच्या सेलवर ६२.

ओहम_शांती

म्हणजे टॉर्च धडधाकट आहे, फक्त मुळातच कंजूष. हिशेब करा: १.२ गुणिले ०.०६२ म्हणजे सुमारे ०.०७५ वॉट. चिप त्यातले पाव खाते असं धरा. एलईडीला उरतात जेमतेम १८ मिलिअँपिअर.

या चिपमध्ये करंट कॉइल ठरवते. कॉइल निम्मी केली की करंट ढोबळमानाने दुप्पट. ४७ काढून २२ मायक्रोहेन्री घाला, सेलमधून १२५-१३० जातील. पण पुन्हा ती हिरवी कॉइल घेऊ नका. बारीक तारेमुळे तिचा रेझिस्टन्स जास्त असतो, आणि प्रत्येक ठोक्याला करंटचं शिखर सरासरीच्या दुपटीच्याही वर जातं. तिथे तिचा गाभा भरला की पुढची वीज नुसती उष्णता होते. उघड्या फेराइटच्या डमरूवर गुंडाळलेली, अर्ध्या अँपिअरची, ०.३ ओहमच्या आतली मागा. १५ मायक्रोहेन्रीच्या खाली जाऊ नका, तिथे चिपच तापायला लागते.

जुना एलईडी ठेवून कॉइल तेवढी बदललीत तर महिन्याभराचं समाधान मिळेल. ५ मिमीच्या एलईडीत उष्णता बाहेर यायला दोन पाय एवढाच रस्ता. वीस-तीस मिलिअँपिअरच्या वर तो निळसर पडतो आणि मग कायमचा मंद होतो. तेव्हा दोन्ही एकदम बदला.

बुधवार_पेठी

एलईडीचं सांगतो. ३५३५ मापाचा, म्हणजे साडेतीन मिमी चौरस घ्या, क्री कंपनीचा एक्सपी-जी २ किंवा निचिया कंपनीचा २१९. त्यांना दीड अँपिअरपर्यंत झेपतं, तुम्ही देणार चाळीसच्या आसपास मिलिअँपिअर. हे वाया घालवणं नाही. मोठ्या चिपला थोडा करंट दिला की तिचं व्होल्टेज २.७ च्या घरात राहतं आणि प्रत्येक वॉटला उजेड जास्त पडतो. स्वस्तातल्या ५ मिमीच्या तुलनेत तेवढ्याच विजेत दुप्पट सहज. कॉइलचे दुप्पट धरले तर एकूण चौपट. डोळ्याला मात्र हे चौपट साधारण दुप्पटच वाटणार, आधीच सांगून ठेवतो.

दुकानात नुसतं ‘एक वॉटचा एलईडी’ म्हणालात तर २० मिमीच्या चांदणीच्या आकाराच्या प्लेटवरचा देतील. तो या डोक्यात मावत नाही, आणि कानशीने घासून लहान करायला जाल तर सोल्डरच्या जागा कडेलाच असतात, त्याच उडतील. ८ किंवा १० मिमीची गोल प्लेट मागा. आधी डोक्याचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून न्या. तांब्याचीच प्लेट हवी असा आग्रह इथे नको, एक दशांश वॉटला अॅल्युमिनियमची पुष्कळ झाली.

सुटा एलईडी मिळाला तर पॅडवर ६३/३७ ची (कथील-शिशाची) सोल्डर पेस्ट अगदी पातळ लावा, एलईडी ठेवा आणि प्लेट उलट्या धरलेल्या इस्त्रीवर कॉटनच्या आकड्यावर ठेवा. पेस्ट १८३ अंशांना वितळते, तिचा राखाडी रंग जाऊन चकाकी आली की चिमट्याने एलईडीला बाजूने हलकेच ढकलून सोडा. तो आपोआप जागेवर सरकला तर बसला. वरच्या सिलिकॉनच्या घुमटाला चिमटा लावायचा नाही, तो सोलला जातो आणि खालच्या बारीक सोन्याच्या तारा घेऊन येतो. प्लस-मायनस आधी सीआर२०३२ च्या नाणे-सेलवर टेकवून बघा.

कोथरूडचा_आगाऊ

सगळे ल्युमेन (एकूण उजेड) मोजताय, भिंगाचं कुणी बोलत नाहीये. ५ मिमीच्या एलईडीचं डोकं हेच त्याचं भिंग, म्हणून त्याला रिफ्लेक्टर नसतो. ३५३५ नुसता बसवलात तर उजेड १२० अंशांत पसरेल. हातातला कागद लख्ख दिसेल, समोरची भिंत आधीपेक्षा अंधारी. मग इथेच येऊन विचाराल की काय चुकलं.

१० मिमीचं टीआयआर भिंग घ्या, म्हणजे एलईडीवर बसणारं, उजेड एका दिशेला गोळा करणारं प्लास्टिकचं भिंग. ५ मिमीचा एलईडी साधारण साडेआठ मिमी उंच असतो, तो गेल्यावर प्लेट आणि भिंग दोन्हीला जागा होते. गाडीखाली, पिशवीत बघायचं तर खडबडीत तोंडाचं ४५ किंवा ६० अंशांचं. पहाटे सिंहगडाच्या वाटेवर न्यायचा तर १५ अंशांचं. मधलं घेऊन दोन्हीकडे हळहळू नका.

नाणंवाला

थोडं विषयांतर. दाबून लागणारा चपटा कीचेन टॉर्च आहे, सीआर२०१६ चे दोन नाणे-सेल वाला. त्यात हे होईल का?

ओहम_शांती

नाही. तिथे ड्रायव्हरच, म्हणजे करंट सांभाळणारी चिपच नसते. दोन सेल मिळून सहा व्होल्ट होतात आणि सेलचा आतला रेझिस्टन्सच करंट आवरतो. फार तर एक एलआयआर२०३२ (चार्ज होणारा नाणे-सेल) आणि ३३ ओहमचा रेझिस्टन्स घाला. चार्ज केल्यावर २५-२७ मिलिअँपिअर जातील, पण क्षमता ४० मिलिअँपिअर-तासच, दीड तासात आटोपेल. काढलेले सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला नाणे-सेल अन्ननलिका दोन तासांत जाळू शकतो.

तळमजला_पार्किंग

झालं! २२ ची कॉइल, एक्सपी-जी २, ४५ अंशांचं भिंग. मीटरवर १२८. एकच अडचण आहे: डोकं जरा सैल असताना लख्ख लागतो, पूर्ण आवळलं की विझतो आणि डोकं कोमट लागतं.

ओहम_शांती

लगेच सेल काढा. आवळताना सेल चकतीला पुढे रेटतो आणि एलईडीच्या प्लसचा सोल्डर डोक्याच्या कडेला टेकतो. मायनस टेकला तर काही बिघडत नाही, बॉडी मायनसच आहे. प्लस टेकला की सेल कॉइलमधून सरळ शॉर्ट. कोमट लागतंय ती कॉइल आणि तो सेल.

सेलशिवाय चकती पेन्सिलच्या मागच्या टोकाने आत दाबून धरा आणि एलईडीचा प्लस व बॉडी यांमध्ये मीटरचा बझर लावा. वाजता कामा नये.

बुधवार_पेठी

वाजला तर प्लसवरच्या सोल्डरचा डोंगर आधी उतरवा, वायर प्लेटला समांतर आडवी बसवा. मग भिंग आणि प्लेट यांमध्ये जुन्या एक्स-रे फिल्मची वळी कापून घाला, मधलं भोक एलईडीपुरतं. कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर इन्सुलेशन टेप) असेल तर प्लेटच्या कडेवरून एक वेढा. जाडी वाढल्याने शेवटचा अर्धा आटा बसला नाही तर सेलकडची स्प्रिंग किंचित दाबा, फिल्म काढू नका.

तळमजला_पार्किंग

प्लसवरचाच डोंगर होता. उतरवला, फिल्म घातली. बझर गप्प, पूर्ण आवळल्यावरही १२८.